वैद्यकीय परवाना परीक्षा आणि मूलभूत वैद्यकशास्त्रे : महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१८२६ ते २०२४)

सारांश

वैद्यकीय व्यवसाय करण्याचा परवाना कोणाला द्यावा आणि त्यासाठी शारीर, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र या मूलभूत विषयांचे किती ज्ञान आवश्यक मानावे, हा प्रश्न आपल्याकडे सुमारे दोनशे वर्षे चर्चेत आहे. प्रस्तुत शोधनिबंधात मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड व त्यानंतरचे महाराष्ट्र राज्य या प्रदेशात या प्रश्नाला वेळोवेळी दिल्या गेलेल्या उत्तरांचा आढावा घेतला आहे. ग्रामीण भागासाठी कमी मूलभूत ज्ञान असलेला डॉक्टर पुरेसा आहे, ही समजूत कशी निर्माण झाली आणि ती कितपत टिकते, याची चिकित्सा करणे हा या लेखनाचा मुख्य हेतू आहे.

बीजसंज्ञा : परवाना परीक्षा, मूलभूत वैद्यकशास्त्रे, लायसेन्शिएट, भोर समिती, मराठी माध्यम, ग्रामीण आरोग्य.

१. प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात रिठद हे गाव आहे. अशा गावातील रुग्ण दवाखान्यात जातो तेव्हा डॉक्टरांच्या नावापुढची अक्षरे तो वाचू शकतो. परंतु त्या अक्षरांमागे कोणती परीक्षा आहे, त्या परीक्षेत काय विचारले गेले आणि उत्तीर्ण होण्यासाठी किती ज्ञान पुरेसे मानले गेले, हे त्याला पडताळून पाहता येत नाही. मोठ्या शहरातील रुग्णास एका डॉक्टरविषयी शंका आली तर तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. खेड्यातील रुग्णास ही सोय बहुधा नसते. म्हणून परवाना परीक्षेचा खरा लाभार्थी आणि ती सदोष असेल तर खरा बळीही खेड्यातील रुग्णच ठरतो. या दृष्टीने पाहिले असता परवाना परीक्षेचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो.

वैद्यकाच्या अभ्यासक्रमाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिल्या भागात शरीराची रचना, तिचे कार्य, त्यातील रासायनिक घडामोडी, रोगामुळे होणारे बदल, रोगजंतू आणि औषधांची क्रिया यांचा अभ्यास असतो. यांना मूलभूत वैद्यकशास्त्रे म्हणतात. दुसऱ्या भागात रुग्णाची तपासणी, निदान, उपचार, शस्त्रक्रिया, प्रसूती इत्यादी चिकित्साविषय येतात. रुग्णाला दुसरा भाग दिसतो, पहिला दिसत नाही. त्यामुळे अभ्यासक्रम आखडता घेण्याची वेळ आली की कात्री प्रथम पहिल्या भागाला लागते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे, गृहीतक व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) महाराष्ट्रातील वैद्यकीय परवाना पद्धतीच्या विकासाचे टप्पे पाहणे, (ब) प्रत्येक टप्प्यावर मूलभूत शास्त्रांना मिळालेले स्थान तपासणे, (क) शिक्षणाची भाषा आणि डॉक्टरचा दर्जा यांचा संबंध स्पष्ट करणे, (ड) परीक्षेसाठी आज होणाऱ्या मूलभूत संकल्पनांच्या उजळणीस या इतिहासातून काही दिशा मिळते का, याचा विचार करणे.

‘ग्रामीण भागातील डॉक्टरास मूलभूत शास्त्रांचे ज्ञान कमी असले तरी चालते, ही भूमिका शास्त्रीय नसून प्रशासकीय सोयीतून आली आहे’ हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, समित्यांच्या शिफारशी आणि प्रकाशित साहित्य या आधारे विवेचन केले आहे.

३. आरंभीचा कालखंड : मुंबईतील शाळा ते ग्रँट मेडिकल कॉलेज

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण देणारी पहिली सरकारी शाळा १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. लष्करी व सरकारी दवाखान्यांसाठी एतद्देशीय मदतनीस तयार करणे हा तिचा उद्देश होता. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचे असल्याने पाश्चात्त्य वैद्यकातील मजकूर मराठीत आणण्याचे प्रयत्न या काळातच सुरू झाले. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली. अल्पजीवी असली तरी तिचे महत्त्व नाकारता येत नाही. आधुनिक वैद्यकाची मूलतत्त्वे मराठीतून शिकवता येतील काय, हा प्रश्न या शाळेने प्रथम उपस्थित केला.

पुढे मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजची स्थापना झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय त्यास जोडलेले होते. डॉ. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्राचार्य होत. येथील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. शवविच्छेदनाविषयी समाजात मोठा संकोच होता. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन करून ती कोंडी फोडली होती. मुंबईतही शारीर हा विषय पुस्तकापुरता न ठेवता प्रत्यक्ष विच्छेदनातून शिकवणे हे नव्या महाविद्यालयाचे वैशिष्ट्य ठरले. १८५१ मध्ये पहिली तुकडी उत्तीर्ण झाली आणि तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यानंतर पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाकडे गेला.

या टप्प्यावर ‘परवाना’ आणि ‘पदवी’ यांत फरक नव्हता. महाविद्यालयाची वा विद्यापीठाची परीक्षा हाच व्यवसायाचा आधार होता. ज्याने ती दिली नव्हती त्यालाही व्यवसाय करण्यास कायद्याने मनाई नव्हती.

४. मराठी वर्ग आणि दर्जाचा प्रश्न

ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग सुरू झाले. इंग्रजी शिक्षितांची संख्या अपुरी होती आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील दवाखान्यांना माणसे हवी होती, हे त्यामागील कारण होय. या वर्गांच्या अध्यापनाशी जोडलेल्या व्यक्तींमध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे नाव महत्त्वाचे आहे. १८६९ मधील ‘वैद्यतत्त्व’ हा त्यांचा मराठी ग्रंथ वैद्यकाची तत्त्वे मराठी वाचकास उपलब्ध करून देणारा होता. शारीर, शरीरक्रिया व औषधी यांसाठी मराठी संज्ञा घडवण्याचे काम अशा ग्रंथांतून झाले. संस्कृत वैद्यकातील शब्द कोठे स्वीकारावेत, कोठे नवे घडवावेत आणि कोठे इंग्रजी शब्दच ठेवावा, हे प्रश्न त्या लेखकांसमोर होते. आजचे परिभाषाकारही याच प्रश्नांशी झगडत आहेत.

परंतु या प्रयोगाला एक मर्यादा प्रारंभापासूनच होती. इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या पदवीचा अधिकारी होई, तर मराठीतून शिकलेला विद्यार्थी दुय्यम श्रेणीचा हॉस्पिटल असिस्टंट होई. म्हणजे भाषेची निवड हीच दर्जाची निवड ठरली. मूलभूत शास्त्रे मराठीतून शिकता येतात हे सिद्ध झाले, पण मराठीतून शिकलेल्याने ती कमीच शिकावीत अशी व्यवस्थाही त्याबरोबर रूढ झाली. पुण्यात १८७८ मध्ये सुरू झालेली वैद्यकीय शाळा, जी पुढे बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने ओळखली गेली, ती याच दुय्यम श्रेणीच्या शिक्षणासाठी होती. १९४६ मध्ये तिचे महाविद्यालयात रूपांतर झाले.

याच काळात स्त्रियांचा प्रवेशही या क्षेत्रात झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजने १८८३ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. वैद्यकातील संकल्पना आत्मसात करण्यापूर्वी त्यांना ती परकी भाषा आत्मसात करावी लागली होती. आनंदीबाईंच्या चरित्राचा हा पैलू त्यांच्या धैर्याच्या गौरवात बहुधा मागे पडतो. खेड्यातील मराठी शाळेतून वैद्यकाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास आजही याच दुहेरी श्रमातून जावे लागते.

५. नोंदणी कायदे आणि लायसेन्शिएट पद्धती (१९१२ ते १९३०)

इंग्लंडमध्ये १८५८ च्या मेडिकल अॅक्टने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. भारतात हे पाऊल प्रथम मुंबई इलाख्याने १९१२ च्या बॉम्बे मेडिकल अॅक्टद्वारे उचलले. त्यानुसार मुंबई वैद्यकीय परिषद स्थापन होऊन पात्र डॉक्टरांची नोंदवही तयार झाली. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षा घेणारी संस्था उभी राहिली. तिच्या एल.सी.पी.एस. या परीक्षेस बसून विद्यापीठाच्या पदवीविनाही नोंदणीकृत डॉक्टर होता येऊ लागले. १९१६ मध्ये अखिल भारतीय स्तरावर इंडियन मेडिकल डिग्रीज अॅक्ट संमत होऊन वाटेल त्या संस्थेने वैद्यकीय पदव्या वाटण्यास आळा बसला.

वऱ्हाडची परिस्थिती काहीशी निराळी होती. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताशी जोडला गेला. स्वतंत्र असलेला वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात विलीन झाला. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी वैद्यकीय शिक्षणाची सोय नागपुरात १९१४ मध्ये सुरू झालेल्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलने केली. चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांच्या नावाची ही शाळा मेयो रुग्णालयाशी संलग्न होती. वऱ्हाडातील विद्यार्थ्यास पदवी हवी असेल तर मुंबई वा कलकत्त्यास जाणे भाग होते. नागपुरात राहून त्यास लायसेन्शिएट होता येत असे. तालुक्याच्या दवाखान्यांत काम करणारे आणि एल.एम.पी. म्हणून ओळखले जाणारे डॉक्टर या पद्धतीतून तयार झाले.

लायसेन्शिएटचा अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा असून मॅट्रिक उत्तीर्णांस प्रवेश मिळे. पदवीच्या अभ्यासक्रमाहून तो आखूड होता. रुग्णालयातील अनुभव फारसा कमी करणे शक्य नव्हते, कारण तयार होणाऱ्या डॉक्टरास लगेच रुग्णच पाहावयाचे होते. साहजिकच वेळेची व खर्चाची बचत प्रवेशपूर्व विज्ञानशिक्षणात आणि मूलभूत शास्त्रांत झाली. या बचतीचे समर्थन करताना खेड्यातील आजार साधे असतात, तेथे हिवताप, हगवण, जखमा व प्रसूती यांपलीकडे फारसे काही नसते, असा युक्तिवाद केला जाई. वस्तुतः खेड्यातील आजार साधे नव्हते. प्रयोगशाळा, तज्ज्ञ व वाहन यांच्या अभावी ते अधिक अवघड होते. कमी साधनांच्या ठिकाणी डॉक्टरच्या हाती उरते ते त्याचे स्वतःचे आकलन. आणि नेमके तेच कमी करून त्यास खेड्यात पाठवण्याची ही व्यवस्था होती.

मात्र या लायसेन्शिएट डॉक्टरांना कमी लेखणे अन्यायाचे होईल. प्लेग, कॉलरा व इन्फ्लुएन्झाच्या साथींच्या त्या काळात तालुका पातळीवर आधुनिक वैद्यकाची ओळख प्रामुख्याने या वर्गानेच करून दिली. दोष व्यक्तींचा नसून त्यांना दिलेल्या शिक्षणाच्या आराखड्याचा होता.

६. एकच दर्जा : १९३३ चा कायदा आणि भोर समिती

ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यानंतर १९३३ च्या कायद्याने भारतीय वैद्यकीय परिषद अस्तित्वात आली. परंतु या परिषदेच्या कक्षेत पदवीधरांचेच शिक्षण ठेवले गेले. लायसेन्शिएट हे प्रांतिक नोंदणीपुरतेच राहिले. संख्येने मोठा असलेला वर्ग राष्ट्रीय मापदंडाबाहेर ठेवला गेल्याने त्यांच्या संघटनेने यास तीव्र विरोध केला.

१९४३ मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती नेमली. समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्या वेळी देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लायसेन्शिएट होते. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर असे प्रमाण होते. या पार्श्वभूमीवर समितीने लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून सर्वांसाठी एकाच दर्जाचा ‘बेसिक डॉक्टर’ तयार करावा, अशी शिफारस केली. डॉक्टरांची एवढी टंचाई असताना आखूड अभ्यासक्रम बंद करू नये, असे भिन्नमत काही सदस्यांनी नोंदवले.

हा वाद केवळ संख्येचा नव्हता. बहुमताचे म्हणणे असे की खेड्यातील नागरिकास दुय्यम डॉक्टर देणे म्हणजे त्याच्या जिवाची किंमत दुय्यम ठरवणे होय. भिन्नमताचे म्हणणे असे की उत्तम डॉक्टरची वाट पाहत असता आज मरणाऱ्यास कोण पाहणार? दोन्ही भूमिकांत तथ्य होते. अखेर बहुमताचा मार्ग स्वीकारला गेला. नागपुरात १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि रॉबर्टसन शाळेचा काळ संपला. जुन्या लायसेन्शिएटांसाठी पदवी मिळवण्याचे संक्षिप्त अभ्यासक्रम काढण्यात आले. १९५६ च्या भारतीय वैद्यकीय परिषद कायद्याने या नव्या व्यवस्थेला बळकटी दिली. महाराष्ट्रात पुढे १९६५ चा महाराष्ट्र वैद्यकीय परिषद कायदा लागू झाला.

तत्त्वतः प्रश्न सुटला. व्यवहारात तो अर्धाच सुटला. सर्वांना समान मूलभूत शास्त्रे शिकवली जाऊ लागली, परंतु ती शिकलेला डॉक्टर खेड्यात जाईलच, याची व्यवस्था झाली नाही.

७. अमेरिकेतील ‘बेसिक सायन्स’ कायदे : एक तुलना

मूलभूत शास्त्रांची परीक्षा पदवीपासून अलग करण्याचा एक उल्लेखनीय प्रयोग अमेरिकेत झाला. १९२५ मध्ये विस्कॉन्सिन व कनेक्टिकट या राज्यांनी असे कायदे केले की, आधुनिक वैद्यक असो वा अन्य कोणतीही उपचारपद्धती, व्यवसायाचा परवाना मागणाऱ्या प्रत्येकाने प्रथम शारीर, शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र आदी विषयांच्या स्वतंत्र मंडळाची परीक्षा उत्तीर्ण व्हावे. पुढे अनेक राज्यांनी याचे अनुकरण केले. उपचारपद्धती कोणतीही असो, शरीर एकच आहे, हा त्यामागील विचार होता. अन्य पद्धतींच्या व्यावसायिकांना दूर ठेवणे हाही त्याचा एक हेतू होता, अशी टीका झाली. शिवाय राष्ट्रीय परीक्षांचे महत्त्व वाढल्याने आणि डॉक्टरांच्या स्थलांतरास अडथळा होऊ लागल्याने हे कायदे मागे घेतले गेले आणि १९७९ पर्यंत ते सर्वत्र रद्द झाले. १९९२ पासून तेथे एकत्रित परवाना परीक्षा सुरू झाली व तिचा पहिला टप्पा मूलभूत शास्त्रांचाच आहे. २०२२ पासून या टप्प्यात गुण न देता केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा निकाल दिला जातो. गुणांची स्पर्धा संकल्पनांच्या आकलनास मारक ठरते, ही जाणीव या बदलामागे होती.

या अनुभवातून दोन गोष्टी दिसतात. मूलभूत शास्त्रांची चाचणी आवश्यक आहे, याविषयी मतभेद राहिला नाही. परंतु ती रुग्णापासून तुटली की कुंपण बनते, आणि स्पर्धेची झाली की पाठांतर बनते.

८. मूलभूत संकल्पना आणि खेड्यातील रुग्ण : विंचूदंशाचे उदाहरण

खेड्यातील डॉक्टरास मूलभूत शास्त्रांची गरज किती, याचे सर्वांत बोलके उत्तर महाराष्ट्रातच मिळते. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील खेड्यातून आलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर. १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात प्राथमिक आरोग्य केंद्रावर काम करताना लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू त्यांनी पाहिले. तत्कालीन पाठ्यपुस्तकांत त्यावर समाधानकारक उपचार नव्हता.

त्यांनी रुग्णांशेजारी बसून लक्षणांचा क्रम नोंदवला : प्रथम उलट्या, दरदरून घाम, नंतर थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि अखेर फुप्फुसात पाणी साचून मृत्यू. हा क्रम शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत वाचला की त्याचा अर्थ लागतो. विंचवाचे विष मज्जातंतूंवरील सोडियमच्या मार्गिका उघड्या ठेवते. त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्था अनावर उत्तेजित होते. रक्तवाहिन्यांवरील अल्फा ग्राहींवर त्याचा परिणाम होऊन त्या आकुंचन पावतात आणि हृदयावर असह्य भार येतो. हे कळल्यावर उपाय औषधशास्त्रात शोधता येतो. अल्फा ग्राहींना अवरोध करणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीच उपलब्ध होते. डॉ. बावस्करांनी ते विंचूदंशात वापरले आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वी अत्यवस्थ रुग्णांतील मोठा भाग दगावत असे. या उपचारानंतर मृत्यूंचे प्रमाण अगदी अल्पावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने सन्मानित करण्यात आले.

या संशोधनास महागडे यंत्र लागले नाही. स्वायत्त मज्जासंस्था आणि अल्फा ग्राही या संकल्पना वैद्यकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी शिकतो आणि परीक्षा संपताच बहुधा विसरतो. त्या ज्याच्या मनात जिवंत राहिल्या, त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रातून जगाला उपचार दिला.

अतिसाराचे उदाहरणही असेच आहे. लहान आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाते व त्यामागोमाग पाणी जाते, ही शरीरक्रियाशास्त्रातील संकल्पना. अतिसारातही ही यंत्रणा बव्हंशी शाबूत राहते, म्हणून मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन जीव वाचवता येतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या तत्त्वाचा व्यापक वापर केला, तेव्हा तेथील मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आले. केवळ साखरेचे वा केवळ मिठाचे पाणी का पुरत नाही, हे ज्याला समजले आहे तो डॉक्टर ही गोष्ट आईलाही समजावून सांगू शकतो.

९. वर्तमान परीक्षा आणि उजळणीचा प्रश्न

अलीकडील काळात मूलभूत शास्त्रांच्या अध्यापनाचा अवधी पुन्हा आखडला. १९९७ च्या नियमांनी एम.बी.बी.एस.चा पहिला टप्पा दीड वर्षावरून एक वर्षावर आणला. शारीर, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे तिन्ही विषय त्यात बसवावे लागले. २०१९ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने या विषयांची चिकित्सेशी सांगड पहिल्या वर्षापासून घालण्याचा प्रयत्न केला, हे स्वागतार्ह आहे.

परदेशात शिकून येणाऱ्यांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. ३०० प्रश्नांच्या या परीक्षेत उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात. शारीर, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र यांवर प्रत्येकी १७, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र यांवर प्रत्येकी १३ आणि न्यायवैद्यकावर १० अशी १०० प्रश्नांची विभागणी आहे. उर्वरित २०० प्रश्न चिकित्साविषयांवर असतात. म्हणजे एक-तृतीयांश परीक्षा पायाभूत विषयांची आहे. देशांतर्गत विद्यार्थ्यांसाठीही अशी समान परीक्षा असावी, अशी तरतूद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात झाली. परंतु २०२३ मध्ये नियम जाहीर होऊनही ती पुढे ढकलण्यात आली.

दुसरीकडे जुनाच प्रश्न नव्या रूपात परतला आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीने होमिओपॅथीच्या पदवीधरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करून आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. नोंदणीच्या मुद्द्यावरून २०२५ मध्ये त्यावर मोठा वाद झाला. २०१९ च्या केंद्रीय कायद्यातही मध्यम स्तरावरील सामुदायिक आरोग्य सेवकास मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. १९४६ च्या भिन्नमताचे हेच पुनरागमन होय. त्याचे समर्थन वा विरोध करताना किती वर्षे शिकवले, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. औषध देणाऱ्यास ते शरीरात काय करते हे कळते का आणि कोठे थांबून रुग्णास पुढे पाठवावे हे उमजते का, हे तपासणारी चाचणी आहे काय, असा प्रश्न विचारला पाहिजे.

परीक्षेच्या तयारीचे स्वरूपही तपासण्याजोगे आहे. सुट्या प्रश्नांचे संच पाठ करणे ही आजची रूढ पद्धत झाली आहे. तिने गुण मिळतात, संकल्पना मिळेलच असे नाही. वर दिलेल्या उदाहरणांवरून असे दिसते की उजळणी विषयवार न करता रुग्णाच्या एका लक्षणापासून करणे अधिक फलदायी ठरेल. उदाहरणार्थ, धाप लागलेला रुग्ण घेतला तर फुप्फुसाची रचना, वायूंची देवाणघेवाण, हृदयाची विकृती, क्षयाचे जंतू आणि मूत्रल औषधांची क्रिया हे सारे विषय एका सूत्रात येतात. असे सूत्र स्मरणात टिकते.

भाषेचा मुद्दाही येथे पुन्हा येतो. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये शारीर, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र यांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने शरीर, विकृतिशास्त्र व औषधशास्त्र यांचे परिभाषा कोश यापूर्वीच सिद्ध केले आहेत, पण ते विद्यार्थ्यांच्या हाती क्वचित दिसतात. १८६१ च्या प्रयोगाचा धडा असा की, माध्यम वेगळे म्हणून दर्जा वेगळा ठरवला तर भाषा आणि विद्यार्थी दोघांचेही नुकसान होते. परीक्षा इंग्रजीत असली तरी संकल्पना प्रथम मराठीत समजून घेण्यास कोणतीच आडकाठी नाही. जी गोष्ट विद्यार्थी आपल्या आईला मराठीत समजावून सांगू शकत नाही, ती त्याला पुरती समजली आहे असे म्हणता येणार नाही. आणि पुढे रुग्णाशीही त्याला मराठीतच बोलावयाचे आहे.

१०. निष्कर्ष

१) महाराष्ट्रात परवाना पद्धतीचा प्रवास महाविद्यालयीन परीक्षा, प्रांतिक नोंदणी, लायसेन्शिएट पद्धती, एकच पदवी आणि राष्ट्रीय चाळणी परीक्षा अशा टप्प्यांतून झाला.

२) डॉक्टरांची टंचाई भासली की मूलभूत शास्त्रांचा भाग कमी करण्याकडे कल दिसतो. हा कल १८६१, १९१४ आणि २०१४ या तिन्ही वेळी आढळतो. त्यामागे वैद्यकीय कारणापेक्षा प्रशासकीय निकड प्रबळ होती. यावरून अभ्यासाचे गृहीतक बव्हंशी सिद्ध होते.

३) साधने जितकी कमी, तितकी मूलभूत आकलनाची गरज अधिक, हे विंचूदंश व अतिसार यांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते. म्हणून ग्रामीण डॉक्टरच्या परीक्षेत या विषयांचे महत्त्व कमी करणे अयोग्य ठरेल.

४) तथापि, केवळ उच्च दर्जाची परीक्षा ठेवल्याने खेड्याला डॉक्टर मिळत नाही, हा १९४६ नंतरच्या काळाचा अनुभव आहे. दर्जा आणि उपलब्धता या दोन्हींची जबाबदारी शासनाने एकाच वेळी उचलली पाहिजे.

५) मूलभूत संकल्पनांची उजळणी रुग्णकेंद्री आणि मातृभाषेच्या साहाय्याने व्हावी. मराठी परिभाषा कोश वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे हे त्यासाठी सहज शक्य असे पहिले पाऊल आहे.

वाशीम येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एके काळी वऱ्हाडातील विद्यार्थ्यास लायसेन्शिएट होण्यासाठीही नागपूर गाठावे लागे. आता पूर्ण पदवीचे शिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी आले आहे. तेथील शारीर विभागात पहिल्या वर्षी शिकवले जाणारे धडे रिठदसारख्या गावातील दवाखान्यापर्यंत किती पोहोचतात, यावरच या महाविद्यालयाचे आणि एकंदर परवाना पद्धतीचे यश मोजले जावे.